आधी ॲम्प, मग टीव्ही

इचलकरंजीतल्या एका थिएटरात मी सव्वीस वर्षं ऑपरेटर होतो, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचो. पिक्चर बघितले ते केबिनच्या वीतभर काचेतून, मशीनच्या खडखडाटात. पुढे रिळं गेली, उपग्रहावरून पिक्चर यायला लागले, केबिनमध्ये माणसाचं कामच उरलं नाही आणि मी घरी आलो. त्यामुळे गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला आणि म्हणाला, “आबा, बाबांचा कॉम्प्युटर हॉलमधल्या होम थिएटरला जोडूया, गेम लई भारी वाजेल,” तेव्हा मला वाटलं, यात काय नवीन आहे? चार वायरी तर जोडायच्या. त्या चार वायरींना तीन दिवस लागले.

सामान सगळं मुलाचं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून त्यानं कधीतरी जुना घेतलेला ॲम्प (दुकानदार त्याला रिसीव्हर म्हणतात), पाच स्पीकर, एक वूफर आणि त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही. नवा लॅपटॉप घेतल्यावर गेमचा कॉम्प्युटरही त्यानं आमच्याकडे धाडून दिला. पाच स्पीकर आणि वूफर या मांडणीला ५.१ म्हणतात. पुढे डावा-उजवा, मधोमध टीव्हीखाली सेंटर आणि मागे दोन, असे झाले पाच. वूफरला फक्त साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे खालचे आवाज झेपतात, म्हणून त्याला पूर्ण एक न धरता पॉइंट एक धरायचं. थिएटरातही हिशोब हाच असतो, फक्त तिथं मागच्या दोनाच्या जागी भिंतीभर स्पीकर टांगलेले असतात.

पहिल्या दिवशी नातवानं कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात पिन घातली आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्पमध्ये खुपसल्या. गाणं वाजलं. पण गाण्याच्या मागे एक ‘हूंऽऽऽ’ही आला, गाणं बंद केलं तरी न थांबणारा. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ती चुकीच्या वाटेनं स्पीकरपर्यंत पोचली की अशीच गुणगुणते. टेस्टर आणला, कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावला. आतला दिवा लुकलुकायला लागला.

पोरानं एक्स्टेन्शन आतल्या खोलीतून ओढलं होतं आणि तीन पिनांच्या प्लगला मधे दोन पिनांची टोपी घातली होती. अशा टोप्या घराघरात असतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये एक फिल्टर असतो, तो बारीकसा करंट अर्थिंगकडे सोडत असतो. अर्थिंग तोडलं की तो करंट पत्र्यावर साचतो आणि मिळेल त्या वायरीतून पळ काढतो, आणि इथं त्याला ऑडिओची वायर सापडली. टोपी फेकून दिली, कॉम्प्युटर, ॲम्प आणि टीव्ही तिन्ही एकाच तीन-पिनी बोर्डवर आणले. ‘हूं’ अर्धा झाला. उरलेला अर्धा केबलवाल्याच्या वायरीतून येत होता. ती खांबावरून येते, तिचं अर्थिंग तिकडचं, आपलं इकडचं, आणि दोघांच्या मधे आपला ॲम्प. सेटटॉप बॉक्सची वायर उपसल्याबरोबर घर शांत झालं. आता पिक्चर बघताना ती काढूनच ठेवतो.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे आमच्या टीव्हीचं एक एचडीएमआयचं भोक मागच्या पावसाळ्यात असंच गेलं. चालू टीव्हीत चालू बॉक्सची वायर खुपसली, बारीक ‘टिक’ असा आवाज आला आणि ते भोक कायमचं मुकं झालं. एचडीएमआयची पिन लावायची ती सगळं बंद करून, बोर्डवरची बटणंसुद्धा. आणि अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडला असेल तर वायरमनला बोलावून त्यात पाणी, मीठ, कोळसा घालून घ्यावा. स्पीकरपेक्षा हा खर्च आधी करावा असं माझं मत आहे.

ज्यांच्याकडे असा ॲम्प नाही, डीव्हीडीच्या जमान्यातला डबा आहे, त्यांनाही कॉम्प्युटर जोडता येतो. डब्याच्या मागे सहा गोल भोकं असतील आणि कॉम्प्युटरच्या मागे हिरवी, काळी, नारिंगी अशी तीन, तर हिरवी पुढच्या दोन स्पीकरना, काळी मागच्या दोघांना आणि नारिंगी सेंटर-वूफरला. माझ्या मेहुण्यांकडे हे जोडून दिलं तेव्हा एक गंमत झाली. पिक्चर लावला आणि नायक सोफ्याखालून बोलायला लागला, तेही रांजणात तोंड घालून बोलावं तसा. मेहुणे म्हणाले, “दाजी, ह्याला सर्दी झालीय काय?” नारिंगी पिनेत दोन आवाज असतात, टोकाला सेंटर आणि त्यामागच्या कड्यावर वूफर. काही कंपन्या हे उलटं करतात. मग सगळे संवाद वूफरमध्ये आणि भूकंप सेंटरमध्ये. कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डाच्या सेटिंगमध्ये या दोघांची अदलाबदल करायची एक चौकट बहुतेक वेळा असते, नाही तर लाल आणि पांढरी पिन एकमेकांच्या जागी लावायची. नायकाची सर्दी दोन सेकंदांत गेली.

आमच्या घरी दुसरा दिवस ऑप्टिकल वायरीचा. ही तोशिबानं १९८३ साली काढली. त्यातून वीज जात नाही, लाल उजेड जातो. वीज नाही म्हणजे ‘हूं’ही नाही, म्हणून मला ती फार आवडली. पण आवाज काही येईना. अर्धा तास रिमोटशी झटापट केल्यावर नातवानं पिन काढून बघितली. टोकावर वाटाण्याएवढी पारदर्शक टोपी, कारखान्यातून आली तशीच. टोपी काढल्यावर वायरीचं दुसरं टोक तळव्यावर धरलं, तर लाल ठिपका उमटला. प्रोजेक्टरच्या साऊंडहेडमध्येही असाच बारीक उजेड असतो. तो फिल्मच्या कडेच्या पट्टीतून पलीकडे जातो आणि पलीकडे त्याचा आवाज होतो. चाळीस वर्षांनी जुना दोस्त भेटावा तसं वाटलं.

एक इंग्रजी ॲक्शन पिक्चर लावला. व्हीएलसी या प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज न उघडता तसाच पुढे पाठवायची खूण केली, ॲम्पच्या काचेवर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं आणि हेलिकॉप्टर आमच्या देव्हाऱ्यावरून गेलं. मग नातवानं त्याचा गेम लावला, फोर्झा होरायझन ५, मेक्सिकोतली मोटारींची शर्यत. गाडी धडाडली ती फक्त पुढच्या दोन स्पीकरमध्ये, मागचे दोघे गप्प आणि सेंटरही गप्प. “आबा, हे बिघडलं.” वायर तीच, स्पीकर तेच, मिनिटापूर्वी पाचही वाजत होते. बिघडेल कशाला?

संध्याकाळी दिवे गेले, यंत्रमागही थांबले आणि गल्ली शांत झाली, तेव्हा अंधारात बसून मला एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या थिएटरात डीटीएस बसलं तेव्हा रिळांच्या पेटीबरोबर सीडी यायच्या. हे तंत्र १९९३ च्या जुरासिक पार्कबरोबर जगात आलं. डीटीएसचा आवाज फिल्मवर नसे, तिथं त्याच्या फक्त काळाच्या खुणा असत. मशीन त्या वाचून सीडीवरचा आवाज चालू जागेवर धरी. एकदा मागच्या गावाहून पेटी आली, पण सीडी तिकडेच राहिल्या. मशीन आपोआप फिल्मच्या कडेच्या जुन्या पट्टीवर गेलं, पिक्चर चालला, मागचे स्पीकर मात्र मुके. बाल्कनीतल्या कुणीही तक्रार केली नाही, फक्त मालक केबिनमध्ये येऊन ओरडले. सहा स्पीकरचा आवाज एखाद्या अरुंद वाटेनं न्यायचा असेल तर तो आधी दाबून डब्यात भरावा लागतो. डबा नसेल तर वाटेत मावेल तेवढाच जातो.

ऑप्टिकल वायर हा असला अरुंद बोळ आहे. उघडा आवाज त्यातून दोनच स्पीकरचा जातो, मग त्याला तुम्ही स्टीरिओ म्हणा. पिक्चरचा आवाज मात्र डब्यात भरून आलेला असतो. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल फार तर सेकंदाला ४४८ किलोबिट, आणि सहाही आवाज त्यात दाबून बसवलेले. तेच सहा आवाज न दाबता नेले तर सेकंदाला साधारण ४६०० किलोबिट होतात, म्हणजे दहापट. डबा बोळातून सहज जातो आणि ॲम्प तो उघडतो.

गेमचं असं नसतं. पिक्चरचा डबा मुंबईत किंवा लॉस एंजेलिसमध्ये वर्षभर आधी भरून झालेला असतो. नातवाची गाडी कुठल्या वळणावर घसरणार हे मात्र कुणालाच ठाऊक नाही, खुद्द नातवालाही नाही. म्हणून गेमचा आवाज त्याच क्षणी तयार होतो, तव्यावरची पोळी थेट ताटात. डब्यात भरायला कुणी बसलेलंच नसतं, मग बोळातून दोनच आवाज जातात. काही कॉम्प्युटरमध्ये गेमचा आवाज चालू असतानाच डॉल्बीच्या डब्यात भरणारी सोय असते, तिला डॉल्बी डिजिटल लाइव्ह म्हणतात. आमच्यात ती नव्हती. आणि टीव्हीवरून ॲम्पकडे आवाज परत पाठवणारी एआरसी नावाची जी वाट असते, तिची गत ऑप्टिकलसारखीच. पोळी तिच्यातूनही पोचत नाही. २०१७ नंतर आलेल्या ईएआरसीमध्ये ही अडचण मिटली, पण ते टीव्ही आणि ॲम्प दोन्हीकडे असावं लागतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी वायरींची वाटच बदलली. कॉम्प्युटरची एचडीएमआय वायर टीव्हीत न घालता ॲम्पमध्ये घातली आणि ॲम्पमधून दुसरी टीव्हीकडे. एचडीएमआय २००२ साली आलं तेव्हापासूनच त्यातून आठ आवाज न दाबता जातात. वायर साधीच घ्यावी. सोन्याचा मुलामा दिलेली चार हजारांची वायर घेऊन आवाज गोड होतो असं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून दुसरं काहीही घेऊ नये.

या वाटेचा आणखी एक फायदा आहे. कॉम्प्युटर पलीकडच्या यंत्राला आधी विचारतो, तुझ्याकडे काय काय आहे? टीव्हीला विचारलं तर टीव्ही बहुतेक सांगतो, दोन स्पीकर. म्हणून टीव्हीत थेट जोडलं की विंडोजमध्ये ५.१ चा पर्यायच दिसत नाही आणि लोक स्पीकरना शिव्या घालतात. ॲम्पला विचारलं की तो सहाची यादी देतो. मग कंट्रोल पॅनेलमधल्या साऊंडमध्ये जाऊन ५.१ निवडायचं, तिथल्या तिथे एकेका स्पीकरचं चित्र टिचकवून तो वाजतो का बघायचं. आमच्याकडे डाव्या मागच्या चित्रावर टिचकी मारली की उजवा मागचा वाजला. मुलानंच वर्षापूर्वी वायरी उलट्या लावल्या होत्या आणि आम्ही वर्षभर पिक्चर आरशात ऐकत होतो! वायरींचा लाल-काळा क्रमही याच वेळी बघून घ्यावा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली तर तो वाजतो, पण आवाज पोकळ होतो आणि वूफर असून नसल्यासारखा वाटतो.

मग गेम लावला. मेक्सिकोत वळीव कोसळत होता. पाठीमागून एक गाडी आली, माझ्या उजव्या कानाजवळून पुढे गेली आणि मग टीव्हीत दिसली. नातवानं तिला बघण्याआधीच गाडी डावीकडे काढली होती. “आबा, ऐकूनच कळलं मला!” असं म्हणून त्यानं जी उडी मारली त्यात सेंटर स्पीकर पडला. पडला तरी वाजत होता.

चित्राचं थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा पडद्याच्या चारही कडा कापल्या जात होत्या, स्टार्टचं बटण अर्धं गायब. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडा वाकड्या यायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा लपवत, ती खोड अजून गेलेली नाही. केबिनमध्ये आम्हीही प्रोजेक्टरच्या गेटची (जिथं चौकट उजेडासमोर येते) प्लेट कानशीनं घासून आपल्या पडद्याच्या मापाची करायचो आणि थोडं चित्र खायचोच, पण तिथं स्टार्टचं बटण नसायचं. टीव्हीच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असं काहीतरी असतं, ते लावलं की कडा परत येतात. त्या एचडीएमआयला मेनूत ‘पीसी’ असं नाव दिलं की पुष्कळ टीव्हींवर अक्षरांचा फुगीरपणा जातो. आणि गेम खेळताना टीव्हीचा गेम मोड लावायचाच. एरवी टीव्ही प्रत्येक चित्राला पावडर-लाली लावत बसतो. त्यात पाऊण-एक दशांश सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात बटण दाबून गाडी दरीत गेलेली असते.

पिक्चरला मात्र गेम मोड नको, २४ हवेत. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींचा असतो, कॉम्प्युटर टीव्हीला सेकंदाला ६० पाठवतो. चोविसाचे साठ करायचे तर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा हळू फिरला की माणसं अडखळत चालल्यासारखी दिसतात. बाकीच्यांना ते दिसत नाही. मला दिसतं, आणि मला ते सहन होत नाही. कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीला २४ हर्ट्झ दिल्यावर सगळं ठीक झालं. काही प्लेअर हे आपोआप करतात, त्यात कोडी नावाचा चांगला.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ॲम्पमध्ये ‘लिप सिंक’ असतं, मिलिसेकंदात. चाळीस मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ एक चौकट. रिळात आवाज चित्राच्या २१ चौकटी पुढे छापलेला असायचा, कारण साऊंडहेड गेटच्या खाली असे. फिल्म ओवताना दोघांमधला सैल लूप दोन चौकटी मोठा झाला की नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचा आवाज यायचा. तेव्हा रीळ संपेपर्यंत दुरुस्ती नसे, आता रिमोटवर होते. याचा मला थोडा रागही येतो.

टीव्ही ४के असेल आणि ॲम्प जुना असेल तर त्यातून ४के चित्र फार तर सेकंदाला तीस वेळा जाईल आणि माऊस चिखलात चालल्यासारखा चालेल. अशा वेळी गेम फुल एचडीत खेळावा. ग्राफिक्स कार्डाला दोन एचडीएमआय असतील तर एक टीव्हीला आणि एक फक्त आवाजासाठी ॲम्पला, हाही उपाय आहे. फक्त कॉम्प्युटर ॲम्पला दुसरा पडदा समजतो आणि माऊस अधूनमधून त्या नसलेल्या पडद्यावर फिरायला जातो. तो शोधत बसावं लागतं.

ओटीटीचे पिक्चर मात्र आम्ही टीव्हीच्याच ॲपवर बघतो. कॉम्प्युटरच्या ब्राऊझरमध्ये आमच्याकडे तरी आवाज दोनच स्पीकरचा आला आणि चित्रही कमी प्रतीचं. कॉम्प्युटर गेमला आणि आपल्याजवळच्या डिस्क-फायलींना.

शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून ‘सैराट’ बघितला. २०१६ साली तो लागला तेव्हा मी ऑपरेटर राहिलो नव्हतो, घरी होतो. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठ्या ऑर्केस्ट्रासह रेकॉर्ड केलंय, आणि व्हायोलिनं अशी खोलीभर पसरली की आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. शेवटी, ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, आवाजच काढून घेतलेला आहे. ते बाळ, ती पावलं, आणि काहीच ऐकू येत नाही. आमच्याकडे त्या शांततेत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. इतकं लाजिरवाणं मला केबिनमध्ये रीळ जळालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

रविवारी भिंतीला भोक पाडलं. हिची परवानगी घ्यायला सकाळ गेली, भोक पाडायला दहा मिनिटं. एचडीएमआयचं तोंड वायरीपेक्षा रुंद असतं, म्हणून भोक तोंडाच्या मापाचं घ्यावं. मी आधी वायरीच्या मापाचं घेतलं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत गेला, पाच मीटरची एचडीएमआय आणि पाच मीटरचं यूएसबी एक्स्टेन्शन हॉलमध्ये आलं. एक्स्टेन्शनच्या टोकाला गेमच्या बिनवायरी कंट्रोलरचं सिग्नल पकडणारं बोंडूक टीव्हीखाली ठेवलं. कॉम्प्युटरच्या मागे पत्र्याआड ते असताना गाडी मधेच आपल्या मनानं वळायची, आता वळत नाही.

एक तक्रार राहिली होती, हिची. स्फोट मोठे आणि माणसं काय बोलतात ते कळत नाही. आवाज वाढवला की शेजारी दार वाजवतात. बोलणं सगळं सेंटरमधून येतं, म्हणून ॲम्पच्या मेनूत फक्त सेंटर तीन डेसिबल वर आणि वूफर दोन खाली घेतला. “आत्ता कसं,” ती म्हणाली, “आधीच का नाही केलंस?”

नातू गेला जूनमध्ये. जाण्याआधी त्याला टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवायला लावली, केबिनमध्ये असायची तशी. बंद ॲम्पला कॉम्प्युटर ओळखत नाही आणि आवाज भलतीकडे पाठवतो, म्हणून तीत क्रम लिहिलाय: आधी ॲम्प, मग टीव्ही, शेवटी कॉम्प्युटर, बंद करताना उलटं. परवा दार उघडलं तर खाली पेन्सिलीनं हिच्या अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: मालिकेला फक्त टीव्ही.